पाणी झाकून ठेवा

आपली बायको मथुरा मेल्याचं धोंडिबाला कळलं ते दुकानात, तिच्याच पूजेसाठी घेतलेल्या खणांचा गठ्ठा शिवताना.

हुबळीच्या दाजीबानपेठेत नारायणशेठचं कापडाचं ठोक दुकान होतं. धोंडिबा तिथं गठ्ठे बांधायचा. गिऱ्हाइकानं माल पसंत केला की तो तागाच्या कापडात गुंडाळायचा, दाभणानं शिवायचा आणि डोक्यावर घेऊन हुबळी स्टेशनला पोचवायचा. मिसरूड फुटल्यापासून त्यानं दुसरं काम केलं नव्हतं. हे आणीबाणीच्या आदल्या वर्षीचं. दसरा जवळ आला होता. अळणावरकडचा एक माणूस गादीवर बसून चहा पीत होता. गणपत त्याचं नाव. अळणावरच्या पुढं जंगलाच्या तोंडाशी त्याचं गाव, गावात त्याचं चहाचं हॉटेल.

"हिरवे खण काढा मालक," गणपत म्हणाला. "गर्द हिरवे. लुगडी पण हिरवीच. फिकट चालत न्हाई."

"घरात लग्न काय हो?" नारायणशेठनं विचारलं.

"लग्न कसलं. आमच्या गावाला आई आली."

"येल्लव्वा?"

"तीच म्हणायची. जंगलातनं चालत आली. कोण म्हणतं अळणावरला रेल्वेतनं उतरली. पण ते खरं न्हाई. देवी कशाला तिकीट काढंल?"

नारायणशेठ हसला. "बोलते कशात? मराठीत की कानडीत?"

"दोन्हीत. चिडली की कानडी, निवली की मराठी."

"म्हणजे सीमाप्रश्न मिटला म्हणा की. दिल्लीला कळवा. आणि सांगते काय तुमची आई?"

"फार बोलायची न्हाई. एकच सांगणं. पाणी झाकून ठेवा. कोणबी पाया पडायला आलं की तेच. पाणी झाकून ठेवा. आमच्या गावात आता एक घागर उघडी दिसायची न्हाई."

धोंडिबाचं दाभण तागात अर्धं गेलं होतं. ते तसंच राहिलं.

"भुवईवर वण होता काय तिच्या?" त्यानं विचारलं.

"होता की. डाव्या. तुला कसं ठाऊक? दर्शनाला येऊन गेलास काय?"

"होता म्हणता. आता न्हाई?"

"आता कुठली. गणपतीच्या आधीच समाधी घेतली आईनं. थरथरत होती, अंगात सारखं वारं. तशीच गेली, बसल्या जागी. तिथं कट्टा बांधलाय आम्ही. दसऱ्याला पहिली ओटी भरायची, म्हणून तर हे खण."

"जेवत होती का ती?"

गणपतनं नारायणशेठकडं बघितलं, हा हमाल असलं काय विचारतो म्हणून. मग म्हणाला, "देवी कुठं जेवते? निवद पुढं ठेवायचो. कुत्री खायची."

धोंडिबानं राहिलेले टाके घातले. त्याचं त्यालाच नंतर नवल वाटलं. पण त्या वेळी हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. सुतळीला गाठ मारली, दाभण फळीवर ठेवलं आणि तो शेठला म्हणाला, "गठ्ठा मी गावापर्यंत पोचवतो. संध्याकाळी येत न्हाई."

गणपतला बरंच वाटलं. फुकटात हमाल मिळाला होता.

गाडीत गठ्ठा पायाशी घेऊन धोंडिबा दाराजवळ बसला. गणपत आत बाकावर पेंगत होता. धोंडिबा त्याला काही बोलला नाही. बोलला असता तर गणपतनं त्याला धारवाडलाच उतरवलं असतं, किंवा त्यानं गणपतला चालत्या गाडीतून ढकललं असतं. दोन्ही होऊन चालणार नव्हतं, त्याला ते गाव बघायचं होतं.

धारवाड आलं तेव्हा त्यानं बाहेर बघितलं. इथं तो मथुराला घेऊन किती वेळा उतरला होता. मनाच्या आजाराचं मोठं इस्पितळ इथंच होतं. तिथं विजापूरकडचा एक डॉक्टर होता. त्यानं देवीचं नाव काढलं नाही, करणीचं काढलं नाही. झोप किती लागते, जेवण किती जातं, कानात कोण बोलतं, बाई की बाप्या, एवढंच विचारलं. मथुरा त्याच्याकडं बघून म्हणाली होती, "हा माणूस माझ्याशी बोलतोय. बाकीचे तुमच्याशी बोलतात." मग गोळ्या सुरू झाल्या. कानातले आवाज मंदावले. ती भाकरी थापू लागली, पोरीवर, लीलावर ओरडू लागली. मिठावरून, केसांवरून, उशिरा येण्यावरून. धोंडिबाला ते ओरडणं ऐकून जेवण गोड लागायचं.

गोळ्यांनी एकच केलं. मथुराचे हात थरथरायला लागले. पेला धरला की पाणी हिंदकळायचं. डॉक्टर म्हणाला होता की हे गोळीमुळं आहे, त्यावरही औषध आहे, घाबरू नका. धोंडिबा घाबरला नाही. घाबरले ते दुसरे.

धोंडिबाच्या समाजानं बाबासाहेबांच्या मागं जाऊन बौद्ध धम्म घेतला, तेव्हा घरोघरचे देव बाहेर काढले गेले. मथुराच्या आईकडं येल्लव्वाची परडी होती, जोगव्याची. मथुरानं स्वतःच्या हातानं ती उणकलच्या तळ्यात सोडली. पुढं ती आजारी पडली तेव्हा माहेरचे म्हणाले, परडी सोडली त्याचा हा कोप. धोंडिबानं त्यांना दारातूनच परत पाठवलं. पण त्याच्या स्वतःच्या लोकांनाही आतून तेच वाटत होतं, हे त्याला बुद्धजयंतीला कळलं. विहारात मथुरा पुढं बसली होती. वंदना म्हणताना जोडलेले हात थरथरायला लागले. बायका कुजबुजल्या. समितीचे अध्यक्ष अप्पाजी उठून आले. रेल्वेत कारकून, शिकलेला माणूस. ते लीलाला म्हणाले, "आईला घरी ने बाळ. विहारात वारं आलेलं चालत नाही. तळ्यात सोडलेलं आपण परत घरात आणायचं नाही."

मथुरानं घरी येऊन हात पदराखाली घेतले. "हात दिसतात म्हणून उठवलं मला," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून ती गोळ्या जिभेखाली धरायची आणि मागं जाऊन थुंकायची. लीलाला त्या नंतर जात्याच्या खाली सापडल्या, ओलीनं फुगलेल्या. हात थांबले. आवाज परत आले. मृग निघाला त्या सुमारास एका बाजारच्या दिवशी ती घरातून गेली ती गेली. धोंडिबानं हुबळी धुंडाळली, धारवाड धुंडाळलं, पोलिसांत सांगितलं, सौंदत्तीचा येल्लव्वाचा डोंगरसुद्धा चढून आला. अळणावरच्या बाजूला तिचं माहेर होतं. तिथंही जाऊन आला होता. माहेराच्या पलीकडं, जंगलाच्या अंगाला असलेल्या या गावात मात्र जायचं त्याला सुचलं नव्हतं. तिथं त्यांचं कुणी नव्हतं.

गावाच्या वेशीवर जांभळीचं मोठं झाड होतं. त्याच्याखाली सिमेंटचा नवा कट्टा, कट्ट्यावर कुंकवानं माखलेला दगड, दगडापुढं पितळेची घागर आणि घागरीवर ताटली. एक म्हातारी खराटा मारत होती. गणपतनं ओरडून सांगितलं, "पार्वतक्का, खण आले गं आईचे." आजूबाजूच्या घरांतून बायका आल्या, माणसं आली. पंचायतीचे अध्यक्ष असलेले पाटील आले. गठ्ठा उतरवायला दोघांनी हात लावला. धोंडिबानं चुंबळ काढली, घाम पुसला आणि दगडाकडं बघत म्हणाला,

"ही माझी बायको. मथुरा तिचं नाव. ती आजारी होती."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एका बाईनं डोक्यावर पदर घेतला आणि सरळ त्याच्या पायाशी वाकली. "देवीचे मालक आले," ती म्हणाली. झालं. बायका वाकायला लागल्या. कुणीतरी त्याला कट्ट्यावर चढवून घोंगडं अंथरलं. एक सून धावत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली, वर झाकण ठेवलेला.

"बसा, बसा," पाटील म्हणाले. "आम्ही म्हणतच होतो, आईचं कोणतरी येणार. कुठलं गाव तुमचं? कुणापैकी तुम्ही?"

"हुबळीला असतो. आम्ही बौद्ध. आधीचे महार. तुम्ही कानडीत होलेय म्हणता ते."

तांब्या धरलेला सुनेचा हात मागं गेला. फार नाही, वीतभर. तिला स्वतःलाही कदाचित कळलं नसेल. पण धोंडिबानं असले हात जन्मभर बघितले होते.

वाकलेल्या बायका सरळ झाल्या. मागून एक जण पुटपुटला, "खण ह्याच्या डोक्यावरनं आले की रे." दुसरा म्हणाला, "गोमूत्र शिंपडून घेऊ. होतं शुद्ध."

पाटील हुशार माणूस. ते घसा साफ करून म्हणाले, "देवीला जात नसते. आई कुणाच्याबी पोटी येते, कुणाच्याबी घरी नांदते. आमचं काही म्हणणं न्हाई. तुम्ही फक्त जरा कट्ट्याच्या खाली उभं राहा."

"आणि पाणी?"

"ओंजळीत वरनं घालतील की. तहानलेल्याला कोण न्हाई म्हणतंय?"

धोंडिबा कट्ट्याच्या खाली उतरला नाही.

"पाणी झाकून ठेवा म्हणायची ना ती? का म्हणायची सांगतो. ती लहान होती तेव्हा माहेरच्या गावात विहिरीवर कुणाच्या तरी घागरीला तिचा हात लागला. कुणीतरी दगड मारला. भुवईवरचा वण त्याचा. घागर फोडून टाकली त्या लोकांनी, आणि तिच्या बापाला चावडीपुढं बसवून ठेवलं. आजार वाढला की तिला तेच दिसायचं. आपण शिवलो, आता मारायला येतील. झाकून ठेवा, म्हणजे कळणार न्हाई कुणाचा हात लागला. एवढंच म्हणायची ती. तुम्हाला भिऊन म्हणायची. आणि तुम्ही गावभर ताटल्या झाकल्या."

"गोष्ट बरी जोडलीस," गणपत म्हणाला. फुकटच्या हमालानं आपल्याला गावापुढं हास्यास्पद केलं, हे त्याला झोंबलं होतं.

"ती काय कुणाला कधी म्हणाली, मी देवी आहे?"

"देवी सांगत न्हाई. आपण ओळखायचं."

"अळणावरला सरकारी दवाखाना आहे. बैलगाडी आहे गावात. तिला ताप होता का न्हाई?"

पाटील म्हणाले, "हे बघा, आम्ही काय तिला मारलं? उपाशी ठेवलं? हाकललं? सगळं गाव पाया पडलं. पाया पडणं गुन्हा हाय काय? तुमच्या हुबळीत तिला कोण पाया पडत होतं?"

"कुणी न्हाई. तिथं ती भाकरी करत होती."

"मग?"

"हा दगड काढा. तिला माझ्या ताब्यात द्या. न्हाईतर निदान तिचं नाव लिहा. मथुरा. बौद्ध बाई. आजारी होती, औषध मिळालं न्हाई, मेली."

आता माणसं पुढं सरकली. इतका वेळ दयेनं बघणारे चेहरे बदलले. पाटलांनी हात आडवा करून त्यांना थांबवलं आणि धोंडिबाला म्हणाले, "गावाच्या श्रद्धेला हात लावू नका. पाचची गाडी हाय. धरा."

गठ्ठा कट्ट्यावर पडला होता. त्यानं शिवलेले टाके कुणीतरी विळ्यानं कापत होतं.

तो ओढ्याच्या पुलाशी आला तेव्हा मागून पार्वतक्का आली. हातात खराटा तसाच.

"ताप होता रे बाबा," ती म्हणाली. "पावसात बसून बसून भरला. दातावर दात वाजत होते. मी म्हटलं, गाडी जुंपा, अळणावरला न्या, सुई मारली की उतरंल. तर गणपत म्हणाला, देवीला सुई टोचतेस काय म्हातारे? वारं आलंय तिला, हलगी वाजवा. हलगी वाजवली रे. ती कान झाकून घेत होती आणि हे वाजवत होते."

धोंडिबा खाली बसला. पुलाच्या दगडावर. म्हातारी त्याच्या बाजूला उभी राहिली, जरा अंतर ठेवून.

"मी पेज करून भरवली एकदा. चमच्यानं. तेवढी गिळली."

"हे तहसीलदारापुढं सांगशील अक्का?"

तिनं मागं गावाकडं बघितलं. "माझं नाव घेऊ नको. मला इथंच राहायचंय." मग थोडं थांबून, "कट्टा मीच झाडते. दुसऱ्या कुणाला झाडू देत न्हाई," म्हणाली आणि गेली.

लीला कोप्पीकर रोडवर एका शिंप्याच्या दुकानात काजं करायची. तिला सांगायला धोंडिबा दुकानात गेला नाही. ती घरी येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिला. ऐकल्यावर तिनं भिंतीकडं तोंड केलं. मग तिनं विचारलं, "आईला हिरवा रंग आवडत नव्हता, सांगितलंत काय त्यांना?" आणि तेव्हा कुठं दोघं रडली.

रविवारी विहारात बैठक होती. धोंडिबा आणि लीला गेली. वंदना झाल्यावर धोंडिबा उठला आणि काय झालं ते सांगितलं. त्याला बोलायची सवय नव्हती, पण काही गाळलं नाही. शेवटी म्हणाला, "समाजानं माझ्याबरोबर यावं. तहसीलदाराला अर्ज द्यायचा आहे. आजारी बाई औषधावाचून मेली, त्याचा जाब विचारायचा आहे. आणि तिला आपल्या रीतीनं निरोप द्यायचा आहे. त्यावर समितीची सही पाहिजे."

अप्पाजींनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते. धम्म घेतल्यावर विहिरीवरच्या मारामारीत त्यांचा हात मोडला होता, तो अजून वाकडा होता. विहाराची प्रत्येक वीट त्यांनी दारोदार फिरून आणली होती.

"धोंडिबा, तुझं दुःख आमचं आहे," ते म्हणाले. "पण विचार कर. वर्तमानपत्रवाले काय लिहितील? बौद्धाची बायको येल्लव्वा झाली. इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. लोक म्हणतील, ह्यांनी देव सोडले, देवानं ह्यांना सोडलं नाही. आपण काय तोंड दाखवायचं?"

"मग काय सांगायचं?"

"ताप येऊन वारली. खोटं नाही ते. इस्पितळाचं काढू नकोस. लीलाचं लग्न व्हायचंय."

"माझं लग्न मध्ये आणू नका अप्पाजीकाका," लीला बसल्या जागेवरून म्हणाली. "आईला उठवलंत तेव्हा निरोप माझ्याच हाती दिला होता. मीच तिला हात धरून बाहेर नेलं."

"ते समाजासाठी होतं बाळ. विहारात देवीचं खूळ..."

"देवी नव्हतीच," धोंडिबा म्हणाला. आता त्याचा आवाज चढला. "मी तुम्हाला धारवाडच्या डॉक्टरचं नाव सांगितलं होतं. गोळी दाखवली होती. हात गोळीनं थरथरतात म्हणून सांगितलं होतं. तुम्ही मान हलवलीत, आणि तरी देवीच बघितलीत. त्या गावानं देवी बघून हात जोडले, तुम्ही देवी बघून तोंड फिरवलंत. माझी बायको कुणीच बघितली न्हाई. पाटलानं मला कट्ट्याखाली उभं राहा म्हटलं. तुम्ही तिला विहाराच्या बाहेर उभं केलं. मला सांगा अप्पाजी, मी कुणावर कमी चिडायचं?"

"तोंड सांभाळून बोल," मागून कुणीतरी म्हणालं.

"सांभाळूनच बोलतोय. न्हाईतर त्या गावातनं मी पाचच्या गाडीनं आलो नसतो."

अप्पाजींचा वाकडा हात मांडीवर होता, तो ते दुसऱ्या हातानं चोळत राहिले. बैठक मोडायची वेळ आली होती. तेवढ्यात बायकांमधून अनुसया उठली. धोंडिबाच्या गल्लीतली, भाजी विकणारी. बैठकीत ती कधी बोलली नव्हती.

"तो गोळीचा डॉक्टर अजून हाय काय धोंडिबाअण्णा?" तिनं विचारलं.

"आहे. का?"

"माझ्या मारुतीला दाखवायचंय."

"मारुती मिरजेला कामाला आहे ना?" अप्पाजींनी विचारलं.

"मिरजेला कुठला. आतल्या खोलीत असतो. बांधून ठेवते मी, दोरीनं. भिंतीशी बोलतो. तुम्ही विचारलं की मी मिरज सांगते. समितीची त्याची वर्गणी पण मीच भरते, तो पाठवतो म्हणून."

अनुसया उभीच होती. "मथुराक्काला उठवलं तेव्हा मी मागंच बसले होते," ती म्हणाली. "तेव्हाच ठरवलं, मारुतीचं कुणाला सांगायचं न्हाई."

ते ऐकून अप्पाजींनी मान खाली घातली. धोंडिबाला त्याचं समाधान वाटलं नाही. अप्पाजी मनातून मोडले तरी मथुरा घरी येणार नव्हती, आणि अप्पाजींनी सहीसाठी पेनही काढलं नव्हतं. "समितीत चर्चा करू," एवढं ते म्हणाले. चर्चा करू म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सरकारी कचेऱ्यांत ते हेच ऐकत आले होते, आता स्वतःच्या विहारात ऐकत होते.

पुढच्या आठवड्यात धोंडिबा आणि अनुसया मारुतीला घेऊन धारवाडला गेले. मारुतीच्या मनगटांवर दोरीचे वळ होते. विजापूरकडच्या डॉक्टरनं ते बघितले, अनुसयावर राग काढला नाही, दोरी कधी सोडली एवढं विचारलं. मग मथुराची चौकशी केली. धोंडिबानं सांगितलं. डॉक्टरनं टेबलावर ठेवलेलं पाणी उचललं आणि न पिता परत ठेवलं. निघताना म्हणाला, हात थरथरायला लागले की लगेच घेऊन या, माझी वाट बघू नका, आणि ते का थरथरतात ते गल्लीत सगळ्यांना सांगा.

ते धोंडिबा सांगतो. गठ्ठे शिवताना सांगतो, चहाच्या टपरीवर सांगतो, विहाराच्या पायरीवर बसून आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. लोक कंटाळतात. "धोंडिबाला पण लागलं वाटतं," असं मागून म्हणतात. तो ऐकतो आणि पुन्हा सांगतो. गुरुवारी त्याच्याबरोबर धारवाडला जाणाऱ्यांत आता मारुती एकटा नसतो. कुणी तोंडाला पदर लावून येतं, कुणी स्टेशनवर त्याच्यापासून लांब उभं राहून दुसऱ्या डब्यात चढतं. तो कुणाला नाव विचारत नाही.

तहसीलदाराकडं त्यानं एकट्यानं अर्ज दिला. कारकुनानं विचारलं, मेलेली बाई हीच कशावरून? साक्षीदार कोण? धोंडिबानं पार्वतक्काचं नाव घेतलं नाही. तिनं घेऊ नको म्हटलं होतं. कारकून म्हणाला, मग देवळाच्या भानगडीत आम्ही कशाला पडायचं?

नारायणशेठच्या दुकानात गणपत परत आला, वर्षानं, पुढच्या दसऱ्याला. या वेळी खण दुप्पट पाहिजे होते. आता धारवाडहून, हल्याळहून लोक येत होते. गणपतनं धोंडिबाला ओळखलं आणि नजर खाली करून चहा पीत बसला. नारायणशेठला सगळं ठाऊक होतं. त्यानं माल दाखवला, भाव सांगितला आणि मग धोंडिबाकडं न बघता हाक मारली, "गठ्ठा बांध रे."

"हा मी बांधत न्हाई," धोंडिबा म्हणाला.

"धंदा आहे धोंडिबा."

"तुमचा आहे. तुम्ही बांधा."

तो दुकानाच्या बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिला. आत नारायणशेठ दाभण शोधत होता. ते धोंडिबाच्या खिशात होतं. शेवटी गणपतनं खण तसेच धोतराच्या पानात गुंडाळून खांद्यावर टाकले आणि धोंडिबाच्या समोरून स्टेशनकडं गेला. जाताना हळूच म्हणाला, "आईची कृपा आहे तुझ्यावर, तुला कळत न्हाई."

धोंडिबानं त्याला मारलं नाही. मुठी वळल्या होत्या, त्या उघडून त्यानं हात बघितले. थरथरत होते. रागानं.

लीलानं एका पत्र्यावर पांढऱ्या रंगानं अक्षरं काढून ठेवली आहेत. मथुरा, हुबळीची. आजारी होती. पत्रा घरात भिंतीला टेकून उभा आहे. धोंडिबानं तो एकदा त्या गावी नेला होता, वेशीवरूनच पोरांनी दगड मारून त्याला परत पाठवलं. समितीची सही अजून झालेली नाही. मथुराच्या मरणाची नोंद कुठल्याही कचेरीत नाही. तिला औषधावाचून ठेवल्याबद्दल कुणाला काही विचारलं गेलेलं नाही. कट्ट्यावरच्या दगडावर तिचं नाव लागलेलं नाही, आणि दगड तिथंच आहे.